झाशीच्या राणीची दोन पत्रे आणि राष्ट्राचा इतिहास

१८५७ वरचे कोणतेही पुस्तक हाती आले, की मी आधी झाशीचे प्रकरण उघडतो आणि राणी लक्ष्मीबाईंच्या जून महिन्यातील दोन पत्रांचे लेखकाने काय केले आहे, ते पाहतो. ८ जून १८५७ रोजी झाशीच्या जोखनबागेत इंग्रज स्त्री-पुरुषांची आणि मुलांची कत्तल झाली. बंडवाले शिपाई राणीकडून पैसे उकळून दिल्लीच्या वाटेला लागले. त्यानंतर १२ आणि १४ जूनला लक्ष्मीबाईंनी कमिशनर अर्स्किन यांना पत्रे पाठवली. शिपायांच्या कृत्याबद्दल त्यांत खेद आहे, स्वतःची शिबंदी तुटपुंजी असल्याने इंग्रजांना मदत करता आली नाही असा खुलासा आहे, आणि मुलखात माजलेली बेबंदशाही आवरण्यासाठी साहाय्याची मागणी आहे. नवी व्यवस्था लागेपर्यंत कारभार राणींनीच पाहावा, असे अर्स्किन यांनीही त्यांना कळवले होते. पुढे ओरछा आणि दतिया या शेजारच्या संस्थानांच्या फौजा झाशीवर चालून आल्या, इंग्रजांकडून मदत आली नाही, उलट कत्तलीचा ठपका राणीवरच ठेवला गेला, आणि मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या तोफा झाशीसमोर उभ्या राहिल्या. त्यानंतर राणी कशा लढल्या हे सांगण्याची गरज नाही.

इतिहासकाराचा राजकीय कल कोणता आहे, हे त्याच्या प्रस्तावनेवरून फारसे कळत नाही, कारण प्रस्तावनेत प्रत्येकजण निःपक्षपाती असतो. या दोन पत्रांपाशी मात्र तो कळतो. काही लेखक ती गाळतात. काही ती राणीची मुत्सद्देगिरी ठरवून एका वाक्यात निकालात काढतात. काही ती पूर्ण खरी मानतात आणि मग मार्च १८५८ मधील राणी कुठून आल्या, हे समजावून देताना त्यांची दमछाक होते.

मराठीपुरते बोलायचे, तर या पत्रांच्या निमित्ताने एक विलक्षण उलथापालथ पाहायला मिळते. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी लक्ष्मीबाईंचे चरित्र १८९४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात राणीविषयीचा आदर ओसंडून वाहतो, आणि त्या आदरापोटीच पारसनीस असे सिद्ध करू पाहतात की राणीचा बंडाशी आणि जोखनबागेच्या कत्तलीशी मुळात काही संबंध नव्हता, इंग्रजांच्या गैरसमजाने आणि अन्यायाने त्यांना शस्त्र उचलणे भाग पाडले. पुराव्यादाखल त्यांनी मार्टिन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने १८८९ मध्ये राणीचे दत्तक पुत्र दामोदरराव यांना लिहिलेले पत्र दिले आहे. तुमच्या आईचा त्या हत्याकांडात कसलाही हात नव्हता, असे त्या गृहस्थाने त्यात निक्षून सांगितले आहे. पंधरा वर्षांनी, १९०९ मध्ये, विनायक दामोदर सावरकरांचा १८५७ वरचा ग्रंथ निघाला. तिथेही राणीविषयीचा आदर तेवढाच आहे, पण आता त्या आदराची मागणी उलटी झाली आहे. नानासाहेब पेशवे आणि त्यांच्या साथीदारांनी आधीपासून शिजवलेल्या एका देशव्यापी कटाच्या चौकटीत सावरकर सगळे बंड बसवतात, आणि त्या चौकटीत राणी सुरुवातीपासून स्वातंत्र्ययुद्धाच्याच बाजूने असणे आवश्यक ठरते. गंमत अशी की सावरकरांनी लंडनमधल्या ग्रंथालयात बसून जी साधने वापरली, ती बहुतांशी के आणि मॅलेसन यांच्यासारख्या इंग्रज लेखकांचीच होती. सामग्री परक्याची होती, पण तिची मांडणी स्वतःची होती, आणि त्या मांडणीतून निघालेले पुस्तक इंग्रज सरकारला इतके झोंबले की छापून होण्याआधीच त्यावर बंदी आली.

यांपैकी पारसनीस पक्षपाती आणि सावरकर वस्तुनिष्ठ, किंवा त्याच्या उलट, असे म्हणता येत नाही. १८९४ मध्ये राणीवर प्रेम करणाऱ्या माणसाला, आणि तेही ब्रिटिश राजवटीत पुस्तक छापणाऱ्या माणसाला, त्यांना निर्दोष ठरवावेसे वाटले. १९०९ मध्ये क्रांतीची हाक देणाऱ्याला त्या आरंभापासूनच बंडात हव्या होत्या. दोघांनीही खोटे लिहिलेले नाही. प्रत्येकाने कोणत्या पुराव्याला किती वजन द्यायचे, ते आपल्या काळाच्या गरजेने ठरवले, एवढेच. राष्ट्रीय इतिहासातील राजकीय कल बहुतेक वेळा असाच असतो. धडधडीत असत्य सहज पकडता येते, पण पुराव्याचे वजन थोडे इकडेतिकडे झालेले पकडणे कठीण जाते.

याच झाशीत त्या वेळी पेणजवळच्या वरसईचे एक भिक्षुक होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, चांगली दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, या आशेने विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडात सापडले. झाशीचा वेढा आणि त्यानंतर शहरात इंग्रज फौजेने केलेले बिजन, म्हणजे सरसकट कत्तल, त्यांनी डोळ्यांनी पाहिले. अनेक वर्षांनी चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ती हकीकत लिहून काढली, आणि गोडसे यांच्या निधनानंतर वैद्यांनी ती १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. मात्र ती जशीच्या तशी नव्हती. वैद्यांनी भाषा बदलली, काही मजकूर गाळला, मांडणीत फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापला, तोवर जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक वैद्यांनी नीटनेटके केलेले गोडसे वाचत होता. वैद्यांवर मला राग काढता येत नाही. त्यांच्या प्रयत्नावाचून हे लेखन झालेच नसते, आणि इंग्रजी अंमलात ते छापणेही धोक्याचे होते. त्यांनी हस्तलिखित नष्ट केले नाही, ही यातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. वैद्यांनी काय काय बदलले, हे आज आपण दाखवून देऊ शकतो, ते त्यामुळेच.

आता १९५७ कडे येतो. बंडाची शताब्दी होती, देश स्वतंत्र होऊन दहा वर्षे झाली होती, आणि आता आपला इतिहास आपण लिहायचा, ही इच्छा सरकारची आणि लोकांचीही होती. शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांनी १८५७ चा इतिहास लिहिण्याचे काम सुरेंद्रनाथ सेन यांच्याकडे सोपवले. सेन मराठी वाचकांना परके नव्हते. सभासदाच्या बखरीचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले होते, मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर आणि लष्करी व्यवस्थेवर ग्रंथ लिहिले होते, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराची धुराही वाहिली होती. सरकारी खर्चाने, सरकारी प्रकाशन विभागाने, शताब्दीच्या मुहूर्तावर काढलेला ग्रंथ म्हटला की आज आपल्या डोळ्यांसमोर जे येईल, ते त्या ग्रंथात नाही. बंड आधी ठरवून झाले याला पुरावा नाही, असे सेन लिहितात. धर्मासाठी सुरू झालेल्या लढ्याचे शेवटी स्वातंत्र्ययुद्धात रूपांतर झाले असे ते मान्य करतात, पण बंडवाल्यांना परकी सत्ता जाऊन जुनी व्यवस्था परत यायला हवी होती, हेही त्याच दमात सांगतात. आझादांची प्रस्तावना तर याहून परखड आहे. पूर्वनियोजित कटाची कल्पना त्यांनी नाकारली, आणि बंडाचे पुढारी एकमेकांचा मत्सर आणि एकमेकांविरुद्ध कारस्थाने करत राहिले, त्या काळी आपले राष्ट्रीय चारित्र्य फार खालावलेले होते, असे लिहून टाकले. स्वातंत्र्यलढ्यात आयुष्य घातलेल्या मंत्र्याने शताब्दीच्या ग्रंथात हे छापावे, याचे मला आजही आश्चर्य वाटते. सरकारने लिहवून घेतलेला इतिहास म्हणजे आरतीच असणार, हे समीकरण इथे तरी चुकते.

तरी या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि तिचे नाव रमेशचंद्र मजुमदार. १९५२ च्या अखेरीस केंद्र सरकारने स्वातंत्र्यचळवळीचा इतिहास लिहिण्यासाठी एक संपादक मंडळ नेमले. डॉ. सय्यद महमूद त्याचे अध्यक्ष होते, आणि ढाका विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेले मजुमदार त्याचे संचालक होते. प्रांतोप्रांती समित्या झाल्या, साधने गोळा होऊ लागली, पहिल्या खंडाचा मसुदा तयार झाला, आणि मतभेद वाढत गेले. लढ्याची सुरुवात कुठून मानायची, १८५७ ला काय स्थान द्यायचे, हिंदू आणि मुसलमान यांचे संबंध कसे मांडायचे, असे ते मतभेद होते. १९५५ च्या अखेरीस मंडळ विसर्जित करण्यात आले आणि काम ताराचंद यांच्याकडे गेले. त्यांचे चार खंड १९६१ ते १९७२ या काळात सरकारने प्रसिद्ध केले.

मजुमदार गप्प बसले नाहीत. १९५७ मध्येच त्यांनी बंडावरचा स्वतंत्र ग्रंथ काढला आणि त्यात ते प्रसिद्ध विधान केले, की ज्याला पहिले राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात ते ना पहिले होते, ना राष्ट्रीय, ना स्वातंत्र्ययुद्ध. १९६२-६३ मध्ये त्यांनी स्वातंत्र्यचळवळीचा इतिहास तीन खंडांत स्वतःच्या जबाबदारीवर छापला, आणि सरकारी मंडळात काय घडले त्याची हकीकतही त्याला जोडली.

मजुमदारांना ‘सरकारी खोटेपणाविरुद्ध उभा राहिलेला सत्यवादी’ असे रंगवण्याची पद्धत आहे. मला ते चित्र पूर्ण पटत नाही. त्यांचा बाणेदारपणा निर्विवाद आहे, पण त्यांचाही एक ठाम कल होता. मध्ययुगात हिंदू आणि मुसलमान हे शेजारी राहूनही वेगळेच राहिलेले दोन समाज होते, हे मत त्यांनी आयुष्यभर मांडले, आणि भारतीय विद्या भवनाच्या अकरा खंडांच्या इतिहासमालेवर, जिचे ते प्रधान संपादक होते, त्याची छाप स्पष्ट आहे. ताराचंद नेमके दुसऱ्या टोकाला होते. भारतीय संस्कृतीवर इस्लामचा प्रभाव हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता आणि मिश्र संस्कृती हे त्यांच्या विचारांचे अधिष्ठान. शिवाय ते शिक्षण खात्याचे सचिव आणि इराणमधील राजदूत राहिलेले होते. स्वातंत्र्यलढ्याची कागदपत्रे समोर येण्यापूर्वीच दोघांची मते पक्की झालेली होती. सरकारने पक्षपाती इतिहासकाराला बाजूला करून निःपक्षपाती इतिहासकार आणला असे झाले नाही, आणि उलटेही झाले नाही. आपल्या धोरणाशी जुळणारा कल सरकारने निवडला, आणि न जुळणाऱ्याशी वाद न घालता मंडळच मोडीत काढले. मला खटकते ते हे. मंडळात मतभेद होते, तर दोन्ही मते एकाच खंडात शेजारी शेजारी छापता आली असती. राष्ट्राच्या इतिहासाला एकच आवाज असला पाहिजे, या समजुतीपुढे ते कोणाला सुचले नसावे.

मजुमदारांचा आणखी एक कल आहे, आणि तो मराठी वाचकाच्या लगेच ध्यानात येतो. त्यांच्या मते राष्ट्रीय जाणीव एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणातून, मुख्यतः बंगालच्या प्रबोधनातून उगवली. हे एकदा मान्य केले, की १८५७ ला राष्ट्रीय म्हणणे अशक्यच होते, कारण कलकत्त्यातील सुशिक्षित वर्ग त्या बंडापासून दूर राहिला होता. प्रश्न असा विचारला की उत्तर आधीच ठरते. इतिहास कोणत्या वर्षापासून आणि कोणत्या शहरातून सुरू करायचा, या निवडीत बरेचसे राजकारण उरकलेले असते, आणि तिथे तळटीप द्यावी लागत नाही. सुरुवात कानपूर-बिठूरपासून केली, तर नानासाहेब, तात्या टोपे आणि लक्ष्मीबाई हे केंद्र होतात आणि आम्हा मराठी माणसांची छाती फुगते. कलकत्त्यापासून केली, तर तेच लोक आपापली गेलेली गादी आणि पेन्शन यांसाठी लढणारे सरंजामदार ठरतात.

तिसरी सुरुवातही शक्य आहे, आणि ती पुण्यातच झालेली आहे. जोतीराव फुले यांनी या बंडाकडे पेशवाई परत आणू पाहणाऱ्यांचा खटाटोप म्हणून पाहिले, आणि तो फसला याचे त्यांना दुःख नव्हते. ज्यांना पेशवाईत माणूस म्हणून जागा नव्हती, त्यांच्या दृष्टीने ही भूमिका स्वाभाविक होती. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात त्यांनी याहून मूलगामी मुद्दा मांडला आहे, की जातींनी विभागलेले लोक शिकून, विचार करून ‘एकमय’ झाल्याशिवाय त्यांचे राष्ट्र होऊच शकत नाही. राष्ट्रीय इतिहासाच्या वस्तुनिष्ठतेची चर्चा करणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न पडत नाही. सेन, मजुमदार, ताराचंद, सावरकर या सगळ्यांनी राष्ट्र ही वस्तू अस्तित्वात आहे, किंवा निदान घडत आली आहे, असे गृहीत धरून तिचा जन्म केव्हा झाला याबद्दल वाद घातला. फुले त्या गृहीतकालाच हात घालतात. इतका कडवा कल असलेला माणूस इथे इतरांपेक्षा जास्त पाहू शकला, याची नोंद घ्यायला हवी. कल असणे म्हणजे आंधळे असणे नव्हे. कित्येकदा त्या कलामुळेच माणसाला ते दिसते, जे तटस्थाला दिसत नाही.

मग वस्तुनिष्ठता शोधायची कुठे? लेखकाच्या मनात ती शोधण्यात अर्थ नाही, असे माझे मत होत चालले आहे, आणि त्याचे कारण विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. राजवाड्यांइतका आग्रही आणि पूर्वग्रही इतिहाससंशोधक महाराष्ट्रात दुसरा दाखवणे कठीण आहे. त्यांच्या प्रस्तावना म्हणजे तर्क, तिरस्कार आणि प्रतिभा यांचे अफाट मिश्रण असते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयी त्यांनी जे लिहिले, त्यावर प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ हे जळजळीत पुस्तक लिहून राजवाड्यांनी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाला ‘उलट सलामी’ दिली, आणि ती देण्याचे त्यांना कारण होते. पण हेच राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, वाळवीच्या तोंडून कागद सोडवून आणत होते. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेत बावीस खंड काढले, आणि त्यांत मूळ पत्रे छापली. प्रस्तावनेत राजवाडे काहीही म्हणोत, पुढची पत्रे वाचून वाचक त्यांच्याशी भांडू शकतो. त्यांच्याशी सहमत नसलेल्या कितीतरी अभ्यासकांनी त्याच पत्रांवर आपली उलट मते उभारली आहेत. याउलट सौम्य भाषेतले, दोन्ही बाजूंना समान परिच्छेद देणारे, कोणालाही न दुखावणारे, पण एकही मूळ कागद न दाखवणारे इतिहास मी वाचले आहेत, आणि त्यांच्याशी भांडायला काही हातात राहत नाही. मला राजवाडे परवडतात.

साधने छापली की प्रश्न सुटला, असा याचा अर्थ घेतला जाईल. तसा तो नाही, आणि हे दाखवणारे उदाहरण फार जुने नाही. ब्रिटिश सरकारने १९४७ च्या सत्तांतराविषयीची आपली कागदपत्रे १९७० पासून बारा खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतून असे चित्र उभे राहात होते, की स्वातंत्र्य म्हणजे लंडन आणि दिल्लीतल्या मोजक्या लोकांच्या वाटाघाटींचे फळ. त्याला उत्तर म्हणून केंद्र सरकारच्या भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेने १९३७ ते १९४७ या काळातील भारतीय बाजूची कागदपत्रे ‘टुवर्ड्‌स फ्रीडम’ या नावाने प्रसिद्ध करण्याचा प्रकल्प हाती घेतला. म्हणजे तिथे भाष्य थोडे आणि दस्तऐवज मुख्य, राजवाड्यांच्याच जातकुळीचे काम. तरीही फेब्रुवारी २००० मध्ये के. एन. पणिक्कर आणि सुमित सरकार यांनी संपादित केलेले खंड परिषदेने प्रकाशकाकडून परत मागवले. केंद्रात सरकार बदललेले होते, परिषद नव्या माणसांच्या हाती होती. कारण तपासणीचे सांगण्यात आले, आणि त्यावर संसदेपासून वर्तमानपत्रांपर्यंत रणे माजली. पुन्हा सरकार बदलल्यावर काही वर्षांनी ते खंड बाहेर पडले.

या वादात दोन्ही बाजूंनी वस्तुनिष्ठतेचाच झेंडा उभारला होता. त्याआधी १९७८ मध्ये जनता राजवटीत रामशरण शर्मांचे प्राचीन भारतावरचे पाठ्यपुस्तक अभ्यासक्रमातून काढले गेले, तेव्हाही हेच झाले होते. आणि डाव्यांचे वर्चस्व असलेल्या काळात संस्थांमधून वेगळ्या मताच्या अभ्यासकांना कसे दूर ठेवले गेले, याच्या तक्रारीही सगळ्याच खोट्या नाहीत. इंदिरा गांधींनी १५ ऑगस्ट १९७३ रोजी लाल किल्ल्यात देशाच्या इतिहासाचे कालपात्र, म्हणजे भावी पिढ्यांसाठी मजकूर ठेवलेली बंद कुपी, पुरले. पुढच्या हजारो वर्षांसाठी असलेले ते पात्र जनता सरकारने १९७७ च्या डिसेंबरात उकरून काढले. ही गोष्ट मला नेहमी विनोदी वाटते, पण ज्यांनी पुरले आणि ज्यांनी उकरले ते दोघेही ती अत्यंत गांभीर्याने करत होते.

परत मागवलेल्या खंडांवरच्या आक्षेपांपैकी एक मला विचारात घेण्यासारखा वाटतो. हजारो कागदांतून काही शेकडो निवडायचे म्हटले की निवडीत संपादकाचा कल येणारच. कामगारांचे संप आणि किसान सभांची आंदोलने यांना किती जागा द्यायची, काँग्रेसच्या ठरावांना किती, हिंदू महासभेच्या पत्रव्यवहाराला किती, हा प्रश्न कोणत्याही संपादकाला चुकत नाही, आणि दोन प्रामाणिक माणसे त्याची दोन वेगळी उत्तरे देतील. पण अभिलेखागार आक्षेप घेणाऱ्यांनाही खुले होते. त्याच वर्षांची, त्याच दप्तरांतली, त्यांच्या दृष्टीने न्याय्य असलेली निवड त्यांनी वेगळ्या खंडात छापून शेजारी ठेवली असती, तर संपादकांचा कल कुणीकडे होता हे वाचकांना पानोपानी ताडून पाहता आले असते. मी तर दोन्ही खंड, विकत परवडले नसते तरी ग्रंथालयातून आणून, नक्की वाचले असते.